मागून चालणारी

आमच्या कॉलेजात नव्या मुलांना सगळं दाखवायचं काम तिसऱ्या वर्षातली एक मुलगी करायची. लिंबागणेशकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बोलायची कमी, पण हाक मारली की अख्खा व्हरांडा वळून बघायचा. पोरांना घेऊन निघाली की स्वतः मात्र सगळ्यांच्या मागं. मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, वाट दाखवणारानं पुढं असावं!"

"पुढून कोन राह्यलं ते दिसत न्हाई, सर. लंगडं कोकरू मागंच असतंय."

त्याच दिवशी ग्रंथालयाच्या दारात एका नव्या मुलीनं देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या. पोरं फिदीफिदी हसली. मुलगी रडवेली होऊन परत फिरली. तेवढ्यात मागून ही आली, त्या चपलांशेजारी आपल्याही चपला काढून ठेवल्या आणि म्हणाली, "चल गं, आत लई बघन्यासारखं हाय." दोघी अनवाणी आत गेल्या. हसणं तिथंच थांबलं.

यंदा ही पास होऊन गेली. आता नव्या पोरांना कोण आणणार, म्हणून मी ग्रंथालयाच्या दारात घुटमळत होतो. पोरं आली. पुढं ओळखीचं कुणीच नव्हतं. सगळ्यांत शेवटी ती चपला काढलेली मुलगी होती.

"चला सर," तिनं मागूनच हाक दिली, "मागं कुनी राह्यलं न्हाई."