रडत नाही म्हणजे पोट भरलं

पत्रकातलं शेवटचं वाक्य मी काढून टाकलं होतं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं सगळं वाचून लोक म्हणतील, बिचारी, हिचा काय दोष.

गरोदर बायकांना बाळ यायच्या आधीच अंगावर पाजायचं शिकवणं, हे माझं काम. पेणची छोटी संस्था, आम्ही तिघी, एक स्कूटी आणि गुलाबी कागदावरचं तीन घड्यांचं पत्रक. मसुदा एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी करून दिला होता. त्यात शेवटी होतं, ‘बाळ सुस्त पडून असेल, ओढून पीत नसेल, लघवी कमी होत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.’ मी म्हटलं, हे नको. ही फट ठेवली की सासवा तिच्यातून पावडरचा डबा घरात आणणार. कोणतं बाळ सुस्त नसतं? त्या जागी मी मोठ्या अक्षरात घातलं, ‘दूध येत नाही, हा भ्रम आहे.’ बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या.

माझा राग उगाच नव्हता. बहिणीचं पोर डब्यातल्या पातळ पाण्यावर वाढलं, जुलाबांनी दोनदा सलाइनवर गेलं. डबा महाग, म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन. शेजारच्या एका घरी आखातातून आलेला डबा रिकामा झाल्यावरही शोकेसमध्ये ठेवलेला मी पाहिलाय, बाहुलीच्या शेजारी. गावागावांत चिकाचं पहिलं दूध पिळून टाकतात, बाळाला गूळपाणी चाटवतात, आणि तीच घरं म्हशीच्या चिकाचा खरवस करून शेजाऱ्यांना वाटतात. वासराचं कळतं, पोराचं कळत नाही. हे वाक्य मी प्रत्येक सभेत म्हणायची. बायका हसायच्या, मला बरं वाटायचं.

हमरापूरला आमची सभा गणपतीच्या कारखान्यात व्हायची. दुसरीकडे बोलावलं तर कोण येणार? बायका रंगकाम करत ऐकायच्या. पोट पुढे आलेल्या, मांडीवर फळी, फळीवर हातभर मूर्ती. एक म्हातारी सोंडेला रंग देता देता दर वेळी तेच म्हणायची, “तू कदी पाजलंस गो?”

“नाय मावशी.”

“लगीन?”

“नाय.”

“मग आमाला काय शिकवतंस? आदी सोताचं बघ.”

“तुमच्या सुनेचं काम झालं की बघते,” मी म्हणायची. मग सगळ्या हसायच्या. तोंड चालवण्यात मी कमी नव्हते.

तिथेच ती होती. मूर्तीचे डोळे आखायची. हात इतका स्थिर की मालक मोठ्या मूर्ती तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. विशीतली, पहिलटकरीण. नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे, शिफ्ट ड्युटी. ती माझं बोलणं कान देऊन ऐकायची. प्रश्न विचारायची. बाळाला कसं धरायचं ते मी कापडी बाहुलीवर दाखवलं, तर तिने फळीवरचा गणपती उचलून तसाच छातीशी धरून दाखवला. शेजारी रंगकाम करणारी तिची सासू ओरडली, “गो बाय, रंग ओला हाय.” पत्रक तिने घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. अशी एक बाई मिळाली की मला महिनाभर पुरायची.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, रोह्याच्या पलीकडच्या गावाला. पहिलं बाळंतपण आईकडे, हे काय आजचं नाही. आमचं डोकं इथेच चालत नाही. आम्ही सासरच्या गावात सुनांना शिकवतो, सासूशी भांडतो, रजिस्टर भरतो. आणि ज्या घरात बाळ जन्मणार, ज्या आईच्या मांडीवर ते पडणार, तिला आम्ही बघितलेलंही नसतं. तिच्या गावच्या आशाताईच्या यादीत ही पोर नसते, कारण नाव पेणला. पोर पेणच्या यादीतून उठलेली, रोह्याच्या यादीत न पोचलेली. मधल्या दोन-तीन महिन्यांत तिच्याजवळ असतं काय, तर आमचं गुलाबी पत्रक आणि त्यावर माझा फोन नंबर.

फोन आला तेव्हा बाळ चार दिवसांचं होतं. मुलगा. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आणलेला. मी रामवाडीच्या नाक्यावर वडापाव खात होते.

“ताई, मला वाटतंय दूध येत नाय.”

“असं सगळ्यांनाच वाटतं.”

“आई सांगते, गाईचं पाणी घालून देऊ. मावशी डबा आणायला निघालीये.”

“अजिबात नाही. एकदा डबा लागला की सुटणार नाही. तू पत्रक वाचलंस ना?”

“वाचलं. पण तो ओढतच नाय. तोंडात धरतो नि झोपतो.”

“रडतो का?”

“नाय. काल रडायचा. आज शांत हाय. झोपूनच असतो.”

“मग झालं तर. रडत नाही म्हणजे पोट भरलं. उपाशी पोर असं झोपेल का?”

 मग म्हणाली, “बरं. आईला सांगते तुम्ही सांगितलं म्हणून.”

मी तिला शाबासकी दिली. वर सांगितलं, मावशीला फोन दे, मी बघते. मावशीने घेतला नाही. मी वडापाव संपवला आणि ऑफिसात येऊन दोघींना सांगितलं की रोह्यात आपण एक डबा अडवला.

बाळ पाचव्या दिवशी निपचित झालं, तेव्हा शेजारच्या घरात आशाताई वजन करायला आली होती. तिला कुणीतरी हाक मारली. तिने लंगोट चाचपला, सकाळपासून कोरडा. दुपटं सोडलं तर पोर पायाच्या तळव्यापर्यंत पिवळं. तिनेच बोलावलेल्या रिक्षात रोहा, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. अंगातलं पाणी गेलं होतं, कावीळ डोक्यात चढत होती. काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली आठवडा. रक्त बदललं. वाचला.

मला हे तिच्या नवऱ्याने कळवलं. मागे कंपनीचा भोंगा, माणसांचा गलका. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.

“ताई, डबा द्यायचा नाय असं तुम्हीच सांगितलेलं ना?”

“हो.”

“डॉक्टरनी विचारलं, कोणी सांगितलं. मी तुमचं नाव नाय सांगितलं.” मग म्हणाला, “माझी शिफ्ट हाय,” आणि ठेवला.

डॉक्टरांकडून नंतर कळलं ते इतकं साधं होतं की मला कुठे बघावं सुचेना. बाळ नुसतं टोक तोंडात धरायचं. दूध होतं, पण त्याला ओढता येत नव्हतं, आणि न ओढल्याने तेही आटत गेलं. कुणीतरी शेजारी बसून पकड बघायला हवी होती, वाटीत पिळून चमच्याने पाजायला शिकवायला हवं होतं. तोवर गरज पडली असती तर चार दिवस डबासुद्धा चालला असता. आणि भुकेलं बाळ आधी रडतं, मग दमतं. दमलं की झोपतं. हे माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत होतं. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेली.

मी तिच्या माहेरी गेले तेव्हा बाळ अडीच महिन्यांचं झालं होतं. आधी का गेले नाही? भीती वाटली म्हणून. दुसरं कारण नाही. अंगणात मिरच्या वाळत होत्या. तिच्या आईने खुर्ची दिली, चहा दिला, समोर जमिनीवर बसली. मी काहीबाही बोलत राहिले. तिने बोलू दिलं.

मग ती म्हणाली, “मी पाच पोरं वाढवली. अडाणी बाय मी. वाटीत गाईचं दूध घेतलेलं मी. हिने माझा हात धरला. आई, ताईंनी नको सांगितलंय. तो कागद माझ्यापुढे धरला. मला वाचता येत नाय. मला वाटलं, छापलंय म्हणजे खरं असंल.”

मुलगी आत बाळाला घेऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, “आई, पुरे.”

“काय पुरे? तिला दाखव.”

ती बाहेर आली. बाळ अंगाने भरलं होतं, अंगावरचंही पीत होतं, वरचंही. मला बघून हसलं. तिच्या आईने उठून चुलीजवळचं ताट आणि पळी घेतली, माझ्या खुर्चीमागे, बाळाला दिसणार नाही अशी उभी राहिली आणि ताट बडवलं. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मी दचकले, चहा मांडीवर सांडला. बाळ माझ्या ओढणीच्या रंगाकडे बघत होतं.

“रोज वाजवते,” तिची आई म्हणाली. “कदी वाटतं, डोळा हलला.”

मुलीने बाळाचा पाय झाकला. “तपासणी हाय पुढच्या महिन्यात. मशीन लावून बघतात.” आणि तसंच पुढे, “मी तुम्हाला विचारलेलं, ताई. मी काय मनाने केलं नाय.”

मी माफी मागितली. शब्द बरोबर होते, पण त्यांचं तिथे काही काम नव्हतं. तिच्या आईने माझा रिकामा कप उचलला आणि विसळायला गेली.

तपासणीत निघालं की कावीळ कानांवर गेली होती, एका कानाला काहीच नाही, दुसऱ्याला थोडं. यंत्र बसेल, बोलायला शिकवावं लागेल, वर्षानुवर्षं. संस्थेच्या बैठकीत मी म्हटलं, वाक्य परत छापूया आणि मी काढलं होतं हेही लिहूया. पहिलं मान्य झालं. दुसऱ्याला दोघी म्हणाल्या, त्याने पावडर विकणाऱ्यांचं फावेल. मी ओरडले. पण त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नाही. हमरापुरात आता सासवा सुनांना सांगतात, तिच्या पोराचं बघितलंस ना. गेल्या दोन बाळंतपणांत पहिल्या दिवसापासून डबा आहे. एक पोर जुलाबाने दवाखान्यात जाऊन आलं. याला जबाबदार कोण, हे मला कुणी विचारत नाही.

ती सासरी परत आली आणि कामाला बसली. मी सभा बंद करणार होते. मालकाने विचारलं, येणार का नाही ते सांगा, बायका विचारतात. गेले. ती पुढच्याच ओळीत, हातात मूर्ती, मागे पडवीत बाळाची झोळी. मी बोलायला लागले आणि बाहेर पोरांनी रंगाच्या फवारणीचा कॉम्प्रेसर चालू केला. आवाज असा की माझंच मला ऐकू येईना. एक बाई उठली, बंद करायला सांगते म्हणाली, बाळ झोपलंय.

“राहू दे गो,” ती म्हणाली. “त्याला काय होत नाय.”

ती बाई उभीच राहिली. मग तिने जाऊन बंद केलाच.

मी पुन्हा सुरुवात केली. खरवसाचं वाक्य म्हटलं नाही. चिकाचं दूध टाकू नका, सहा महिने अंगावरचंच द्या, हे आजही खरंच आहे, ते सांगितलं. मग सांगितलं की बाळ पीत नसेल तर हाक मारा, आईला, आशाताईला, दवाखान्याला, मला फोन करून थांबू नका. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. माहेरी जाल तिथल्या आशाताईचा नंबर आत्ताच घ्या. आणि बाळ नुसतं झोपून असेल, तर...

माझं वाक्य तिथे अडलं. तिने मूर्तीवरून मान वर केली नाही.

“तर उठवायचं,” ती शेजारच्या गरोदर पोरीला म्हणाली. “तळव्याला टिचक्या मारायच्या. नाय उठलं तर रिक्षा बोलवायची. फोन नाय करायचा.”