रेडिओ आपोआप बंद पडत न्हाई!

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक, सेट पुन्हा जोडल्यावर उरलेले स्क्रू. आणि दुसरी, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. स्क्रू कुठल्या सेटचे होते ते आम्ही केव्हाच विसरलो, तक्रारी मात्र अजून शब्दाशब्दाने आठवतात!

सत्तरनंतरची ती वर्षं. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला मकबूलभाईंचं दुकान होतं आणि मी तिथे मेकॅनिक. दहातल्या आठ लोकांची तक्रार एकच, "आपोआप बंद पडतो!" हे ऐकलं की मकबूलभाई कपाळाला हात लावत.

"दत्ताभाऊ, रेडिओ आपोआप बंद पडत न्हाई. कोणतरी पाडतं. तो कोण, ते धुंडायचं!"

आणि कारण सापडल्याशिवाय सेट दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा.

*

एका उन्हाळ्यात जुन्या जालन्यातले कांबळे गुरुजी सेट डोक्यावर घेऊन आले. त्यांची दहा वर्षांची शालिनी परभणीच्या रेडिओ केंद्रावर गाणं रेकॉर्ड करून आली होती. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमात ते लागणार होतं. अख्खी गल्ली ऐकायला येणार, आणि गल्लीत रेडिओ हा एवढाच!

"धा मिन्टं चालतो आन् गप होतो," गुरुजी म्हणाले. "पोरीचं गाणं एकदाच लागणार हाय, मकबूलभाई. त्या वक्ताला तेवढा बंद पडू देऊ नका."

सेट दुकानात लावला, तर दिवसभर गातोय! मी सगळं तपासलं. दोष सापडेना. गुरुजी रोज शाळा सुटली की दारात उभे. "सापडलं का?" मी मान हलवायचो, आणि मला फार वाईट वाटायचं.

*

त्याच आठवड्यात एका आडत्या शेठजींचा निरोप आला. रोज अर्ध्या तासात रेडिओ बंद! आम्ही पेढीवर गेलो. रेडिओ कुठे दिसेना. दिसत होतं ते सूनबाईंनी विणलेलं मण्यांचं जाड कव्हर, पुढून, मागून, सगळीकडून बंद. आत हात घातला तर चटका बसला.

"शेठजी, तुम्ही मे महिन्यात स्वेटर घालता का?" मकबूलभाईंनी विचारलं.

कव्हर काढलं, रेडिओ सुधारला. आठ दिवसांनी शेठजी स्वतः दुकानात हजर. "मकबूलभाई, टेलिफोन पण दुरुस्त करता का? वाजतो म्हणतात, पण ऐकू येऊन न्हाई राह्यला!"

कव्हर कुठे गेलं, ते आम्ही विचारलं नाही.

*

जुन्या जालन्यात एका टेलरचा रेडिओ बरोबर चार वाजता मरायचा. शेजारचा पिठगिरणीवाला त्याच्यापेक्षा जास्त वैतागलेला. "रेडिओवाला बदला, ह्या मकबूलभाईंना काम जमत न्हाई," असा त्याचा टेलरला रोजचा सल्ला.

मकबूलभाई दुपारी जाऊन टेलरकडे चहा पीत बसले. चार वाजले, गिरणीची मोटर धडधडली, दिवा मिणमिणला आणि रेडिओ गप्प!

गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला, तावातावाने आत आला. "बघा! मी गिरणी चालू केली रे केली, की ह्याला मरण येतं! रोजचंच हाय हे!"

*

आणि ते रिटायर्ड कंपाउंडर. सेट देताना त्यांनी मला वापरायची पद्धत समजावली. "बंद पडला की दोन चापटा डावीकडून, एक वरून. लगेच चालू होतो." मी आतल्या तारेचा सुटलेला टाका डाग देऊन पक्का केला.

चार दिवसांनी ते भडकून परत आले. "काय करून ठेवलं हो? आता चापट मारली की बंद पडतो!"

*

गाण्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार आला तरी गुरुजींच्या सेटचं कारण सापडलं नव्हतं. गुरुजी बाकावर बसून राहिले. मकबूलभाईंनी पहिल्यांदाच स्वतःचा कायदा मोडला. "सेट घेऊन जा गुरुजी. उद्या आम्ही दोघं बी येतो."

रविवारी गुरुजींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मागून आलेले लोक अंगणात दाटले होते, गुरुजींची आईसुद्धा तिथेच. आत रेडिओसमोर शालिनी, दोन वेण्यांना लाल रिबिनी. मी सेटची पाठ उघडून मागे बसलो, मकबूलभाई शेजारी.

निवेदिकेने शालिनीचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं छान पार पडलं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली आणि आवाज गेला!

आत व्हॉल्व्हच्या सगळ्या काचेच्या नळ्या लाल पेटलेल्या, आणि आवाज नाही. मी हा हलवला, तो हलवला. गुरुजी मटकन खाली बसले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

आणि पुढच्याच क्षणी दुसरी ओळ ऐकू आली. मी सेटवरून डोकावून पाहिलं. शालिनी उभी राहिली होती. डोळे मिटून, जिथे गाणं तुटलं तिथूनच पुढे गात होती.

अंगणातून कोणीतरी ओरडलं, "हां, झाला बराबर! मास्तर, जरा आवाज वाढवा की!"

शालिनीने आवाज वाढवला.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. गुरुजी चष्मा पुसत होते, आणि खरं सांगतो, मलाही नीट दिसत नव्हतं. गुरुजींची आई गर्दीतून वाट काढत आत आली.

"मकबूलभाई, मधी बंद पडला व्हता, पर मंग लईच साफ लागला! खरखर बिलकुल न्हाई. काय केलंत?"

मकबूलभाईंनी मुक्या सेटकडे पाहिलं, मग शालिनीकडे.

"काही न्हाई अम्मा, पार्ट बदलला!"