बिनतुपाची दोन ताटं

मी विलायतेला निघालो त्या सकाळी माय साक्रीच्या मोटारस्टँडवर आली नाही. गावाच्या शिवेवरच्या बाभळीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "जाय. आते मागे देखू नको." ट्रंक डोक्यावर घेऊन नाना, माझे वडील, पुढे चालत होते. मी मागे पाहिलंच. तिची पाठ होती माझ्याकडे. ती घराकडे निघाली होती, भराभर, चुलीवर काहीतरी उतू जात असावं तशी. मला जरा वाईट वाटलं. मुलगा सातासमुद्रापलीकडे चालला आहे आणि हिला घरी जायची घाई.

पासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. धुळ्यात डिप्लोमा केला होता, इंग्लंडच्या एका कारखान्यात लेथवर माणसं हवी होती, तिकडे कामाला यायचं सरकारी व्हाउचर मिळालं, गेलो. हे लिहितोय ते गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे गेले त्यांच्यासाठीही. दोघांना एकमेकांबद्दल फार कमी माहीत असतं, हे मला एका लग्नाच्या पंगतीत कळलं.

आमच्या घरी चार-पाच जनावरं. कोरडवाहू शेतीचा भरवसा नव्हता, दुभत्याचा होता. माय धार काढायला बसली की आधी वासराला सोडायची. ते पोटभर लुचलं की मग चरवी. कधी घाईत मी वासराला लवकर ओढायला गेलो तर ती माझा हात धरायची. "पहिलं वासरूनं, मंग आपलं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते ऐकू येणंही बंद झालं होतं.

तिकडे मला खोली मिळाली ती गावाच्या कडेला, मागची खिडकी एका मोठ्या डेअरीवर उघडणारी. हीटरला नाणी टाकायची, गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, रविवारी आंघोळीचा नंबर, सगळं शिकलो. सकाळी दारात दुधाची बाटली यायची, वर सायीचा जाड थर. पहिले काही महिने तेच माझं घर होतं. मग वसंतात गाई व्यायला लागल्या. दोन-तीन दिवसांची वासरं गाडीत भरून नेत आणि गाई फाटकाशी उभ्या राहून हंबरत. हंबरणं मला नवं नव्हतं, पण ते थांबेना. मी घरमालकिणीला विचारलं, वासरं कुठे नेतात? ती म्हणाली, "दूध आपल्याला हवं ना?" तिच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. सरळ हिशोब होता. त्या दिवशी चहात दूध घालताना माझा हात थांबला. मग दही गेलं, लोणी गेलं, चीज तर कधी आवडलंच नव्हतं. कारखान्याच्या कँटीनमधली एक म्हातारी मला म्हणाली, असे लोक इथे आहेत, त्यांना व्हीगन म्हणतात. मला नाव मिळालं याचंच हायसं वाटलं. डब्यातलं सोयाबीनचं दूध आणि लोण्याऐवजी वनस्पती तेलाचं मार्जरीन यांवर माझं बरं चालू लागलं.

घरच्या पत्रांत मी यातलं काही लिहिलं नाही. गोठ्यावर ज्यांचं पोट त्यांना काय लिहिणार?

सात वर्षांनी रजा मिळाली ती नेमकी शांतिलालच्या बहिणीच्या लग्नाला. शांतिलाल माझा धुळ्याच्या होस्टेलमधला खोलीसोबती. जळगावात त्यांचं कापडाचं दुकान, मूळचे मारवाडकडचे जैन. माझ्या आईवडिलांनाही त्यांनी आग्रहानं बोलावून घेतलं होतं. ठरलं असं की मी मुंबईहून थेट जळगावला उतरायचं, लग्न आटोपून सगळ्यांनी मिळून गावी जायचं. म्हणजे सात वर्षांनी मायच्या शेजारी माझं पहिलं जेवण होणार ते लग्नघरी.

स्टेशनवर शांतिलालनं मला मिठी मारली आणि टांग्यात बसल्याबरोबर पंगतीचा बेत सांगायला सुरुवात केली. तुपातल्या बाट्या, दह्यातले बेसनाचे गट्टे, केशराची खीर, साजूक तुपातली बुंदी. मी म्हणालो, "शांती, मी दूध-तूप खात नाही." तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मी भात-लोणचं खाईन. कुणाला कळू देऊ नको."

"पंगतीत बसून भात-लोणचं? पाहुणा उपाशी उठला म्हणून माझी आईच जेवायची नाही."

घरी पोचल्यावर तो मला सरळ त्याच्या आईकडे घेऊन गेला. आम्ही त्यांना काकीजी म्हणायचो. मांडवात वाजंत्री, दारात पाहुणे, अशा गडबडीत त्या भांडारघरात उभ्या राहून नारळ मोजून देत होत्या. मला वाटलं, त्या वैतागतील. पण दूध, दही, तूप सोडणं त्यांना परकं नव्हतंच. त्यांच्याकडे घरोघर कुणी ना कुणी आयंबिल करतं, म्हणजे दूध, दही, तूप सगळं सोडून दिवसातून एकदाच कोरडं जेवतं. मला नावासाठी इंग्लंडला जावं लागलं आणि जळगावच्या गल्लीत ती रोजची गोष्ट होती. मी थक्क झालो.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"सहा होऊन गेली."

त्यांच्या हातातला नारळ तसाच राहिला. त्या माझ्याकडे इतकं टक लावून बघत राहिल्या की मी ओशाळलो. मग म्हणाल्या, "बेटा, जेवणाचं मी बघते. पण हे आईला तू स्वतः सांग. पंगतीला बसायच्या आत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

त्यांनी मागच्या अंगणात महाराजांना, म्हणजे आचाऱ्याला, निरोप धाडला. महाराजांचा आवाज आतपर्यंत आला, "बिना घी की बाटी? ब्याह है के क्या है?" काकीजी स्वतः उठून गेल्या आणि आवाज थांबला.

माय बायकांच्या घोळक्यात होती. मला पाहून उठली. वाळली होती. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि नुसती बघत राहिली. एवढ्या माणसांत काय सांगणार? सांगतो, सांगतो म्हणत दुपार टळली. जैनांची पंगत दिवस मावळायच्या आत उठायला हवी, म्हणून पाट मांडले गेले. आम्हां दोघांचे पाट काकीजींनी मांडवात नाही, आतल्या ओसरीवर मांडले होते; नाना बाहेरच्या पंगतीत बसले होते. समोर दोन ताटं. बाट्या तिळाच्या तेलाचं मोहन घालून भाजलेल्या, डाळीला शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, आमचूर घातलेले गट्टे, गुळाची लापशी. तुपाचा थेंब नव्हता. दोन्ही ताटं सारखीच. मला वाटलं, चुकून मायलाही माझंच वाढलं.

मायच्या ताटाशेजारी मात्र खिरीची एक छोटी वाटी वेगळी ठेवलेली. तिनं ती उचलून माझ्यापुढे धरली.

"तू गया तवयपाईन मी दूध-तूप तोंडमा घालं नही," ती म्हणाली. "देवले बोलनू व्हतू. मना आंडोर परत येवाले जोयजे, मंग त्याना हातनं खासू. आज तू पहिले खाय, मंग माले दे."

आंडोर, म्हणजे मुलगा, परत येईपर्यंतचा नवस होता तो, मी गेलो त्या दिवसापासूनचा. ती स्वतः धार काढत होती, ताक घुसळत होती, लोणी कढवत होती, नानांच्या भाकरीवर तूप वाढत होती, आणि स्वतः कोरडी भाकरी खात होती. सात वर्षं. मी तिकडे फक्त दारातली दुधाची बाटली बंद केली होती. तिच्या हातांतून तर रोज चरवी भरून जात होती. वाटी तिच्या हातात, आणि मी ती घेऊ शकत नव्हतो.

"माय," मी म्हणालो, "मी बी दूध सोडी दिन्हं."

तिला आधी कळलंच नाही. "कसाले? डाक्टरनी सांगं का?"

मग मी सांगितलं. खिडकी, गाडी, फाटकाशी उभ्या गाई. सांगताना मला भीती होती की ती म्हणेल, माझ्या गोठ्यावर वाढलास आणि आता मलाच शिकवतोस. ती खाली बघून ऐकत होती. वाटीतली खीर थंड होऊन वर साय धरली.

"वासरूसले दूधच देतस नही?" तिनं विचारलं.

"नही."

तिनं वाटीवरची साय बोटानं कडेला सारली. मांडवात कुणीतरी आग्रहानं बुंदी वाढत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी देवले बोलनू. तू कोनले बोलना?"

माझ्या तोंडातून निघालं, "वासरूले."

तिनं मान हलवली, एखादा व्यवहार पटावा तशी. "मंग तुनं तू पाळ. मनं मी फेडस. देवनं बाकी ठेवानं नही."

आणि वाटी माझ्या हातात दिली. मी बोटांनी खिरीचा घास उचलला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं डोळे मिटले. सात वर्षांनी जिभेवर आलेलं दूध तिला कसं लागलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. गिळून तिनं हात जोडले, मग बाटी कुस्करली, डाळ कालवली आणि पहिला घास मला भरवला. दारात काकीजी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. आदल्या दिवशी मायनं त्यांच्याकडे बिनदुधाचा चहा मागितला, तेव्हाच त्यांना तिचा नवस कळला होता, आणि माझं कळल्यावरही तिच्या नवसाबद्दल त्या मला एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आम्ही दोघांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली. मायनं लापशी दोनदा मागून घेतली आणि म्हणाली, "बिगर तूपनी बी गोड शे."

नंतर ती दूध-तूप पहिल्यासारखं खाऊ लागली. मला कधी आग्रह केला नाही आणि स्वतः कधी लाजलीही नाही. मी गावी गेलो की माझ्यासाठी तेलाची फोडणी वेगळी पडायची, एवढाच फरक. विचारणाऱ्या शेजारणीला ती सांगायची, "त्यानं त्यानापशी, मनं मनापशी."

मी सात वर्षं समजत होतो की परदेशात मी एकटा राहतोय. माय तर भरल्या गोठ्यात, स्वतःच्या चुलीपुढे माझ्याइतकीच परदेशात राहत होती. गेलेल्या माणसाला आपण काय सोडलं ते तोंडपाठ असतं. मागे राहिलेल्यांनी काय सोडलं ते विचारायचं त्याला सुचत नाही. मला सुचलं नव्हतं.

आता माय नाही, नाना नाहीत. गोठ्याच्या जागी भावानं पक्की खोली बांधली. माझी मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही आणि इथल्या, इंग्लंडातल्या, रस्त्याचंही नाही. दर रविवारी तिचा फोन येतो आणि ती हटकून विचारते, "बाबा, जेवलात का?" तिच्यासाठी मी काही सोडलेलं नाही, सोडणारही नाही. फोनची वेळ झाली की आधी बसून नीट, पोटभर जेवून घेतो, म्हणजे "जेवलो" म्हणताना ते खरं असतं.