तें बुडालें की ते बुडाले

पुलाच्या मध्यावर आल्यावर थोरल्या जाऊबाई थांबल्या आणि त्यांनी धाकटीचा दंड घट्ट धरला. दवाखान्यात डोळ्यांत घातलेल्या थेंबांचा अंमल अजून उतरला नव्हता. गाडी करू म्हटलं तर त्यांनी ऐकलं नव्हतं. निम्मी वाट सरली होती, पण डॉक्टर काय म्हणाले याबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

थोरल्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. पाठीमागे त्यांना सगळे टिंबबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. छापखाना बंद पडला तेव्हा रिकामं बसणं त्यांना जमेना. मग मुलांसाठी लिहिलेली जुनी गोष्टींची, इतिहासाची पुस्तकं, ज्यांच्यावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, ती त्या वाचनालयाच्या कपाटांतून हुडकू लागल्या. पानांचे फोटो काढायचे, संगणक त्यांवरून मजकूर करून देतो तो मुळाशी ताडून पाहायचा, आणि इंटरनेटवर ठेवून द्यायचा. कुठल्याही पोरानं यावं, फुकट वाचावं.

"वहिनी, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?" असं दीर एकदा म्हणाले. "तुला तर वाढत नाही ना?" एवढंच बोलून थोरल्यांनी मान खाली घातली, ती पान संपेपर्यंत वर केली नाही.

जुन्या छपाईत अक्षरांच्या डोक्यावर टिंबं फार. संगणकाला टिंब म्हणजे धूळ वाटते आणि धूळ म्हणजे टिंब. आजकालच्या मुलांना हवीत कशाला ती, असं धाकटीला वाटायचं. पण गेल्या महिन्यात शेजारणीची मुलगी दर्यावर्दींच्या इतिहासाची नवी चढवलेली पानं वाचायला बसली आणि हमसाहमशी रडू लागली. खलाशी बुडाले म्हणे. थोरल्यांनी मूळ पान काढायला लावलं. धाकटीनं वाचलं, तर तिथे होतं, 'तें बुडालें'. टिंबं आहेत, म्हणजे माणसं नव्हेत, गलबत. संगणकानं टिंबं गाळली आणि झालं 'ते बुडाले'. माणसं तर पुढच्याच पानावर पोहत किनाऱ्याला लागली होती.

मुलगी डोळे पुसून हसली. थोरल्या हसल्या नाहीत. ते पान त्यांनी स्वतः तपासलं होतं, तेही दोनदा. त्या रात्री त्यांनी धाकटीला पहिल्यांदा सांगितलं की डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात, आणि कागदावरचं टिंब कुठलं, डोळ्यातलं कुठलं, हे त्यांना कळेनासं झालंय.

आज डॉक्टर म्हणाले, ठिपके जाणार नाहीत, नजरेचा मधला भाग अंधूकच होत जाईल. थोरल्यांनी एकच विचारलं, अक्षरावरचं टिंब दिसेल का? डॉक्टरांना ते कळलंच नाही. म्हणाले, आजी, घरात हिंडता येईल, काळजी करू नका.

पुलाखाली पाणी संथ वाहत होतं. धाकटी म्हणाली, "ताई, देव आहे."

"आहेच गं. पण त्याच्याकडे मुद्रितं नाही पाठवता येत." मग त्या म्हणाल्या, "त्या दर्यावर्दींच्या पुस्तकाचा निम्मा भाग राहिलाय. मूळ पान तू धर आणि मला वाचून दाखव. कुठे टिंब आहे, कुठे नाही, तेही सांग."

धाकटी गडबडली. आपलं शिक्षण ते किती, हातून चूक झाली तर पोरं चुकीचंच वाचतील, असं ती म्हणाली.

"चूक माझ्याही हातून झाली." थोरल्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "फक्त एक कर. टिंब नसेल तर नाही म्हण. कळेना तर कळेना म्हण. मला बरं वाटावं म्हणून 'आहे' म्हणू नकोस. एवढं करशील?"