ट्यूलिपचा कांदा

परवा मार्केट यार्डाजवळ रिक्षा थांबली आणि कांद्याचा उग्र वास आत शिरला. एकदम श्रीनगरची ट्यूलिपची बाग आठवली. तिथला मी आठवला आणि स्वतःचीच किळस आली.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नवी नोकरी लागली होती. कंपनीतल्या लोकांच्या सहलीत मी श्रीगोंद्याहून अण्णांना, माझ्या वडिलांनाही नेलं होतं. आम्ही सगळे गॉगल लावून फुलांकडे पाठ करून फोटो काढत होतो. कोणी विचारलं असतं, तर एकालाही फुलांचे रंग सांगता आले नसते. अण्णा मात्र वाफ्याशी उकिडवे बसून माळ्याशी खुणांनी बोलत होते. माळ्यानं दिलेला एक गड्डा घेऊन ते धावतच माझ्याकडे आले.

"आरं, हे तर आपल्या कांद्यावानीच हाय! आन् माती बघ, लई मऊ!"

आमचे साहेब हसले. लगेच मीही हसलो, त्यांच्याहून मोठ्यानं.

"अण्णा, इथं तरी शेत सोडा. हात धुऊन या आधी."

त्यांनी गड्डा माळ्याला परत दिला आणि हात धुतले.

पुढचे तीन दिवस बस कुठंही थांबली की अण्णा म्हणायचे, "तुमी या फिरून. मी बसतो हितंच." आणि मी नालायक खुशाल उतरून जायचो.