औंदा जिंकायचं सोडलंय

उपवास करावा तर आमच्या समोरच्या मास्तरांनी, आणि तो बघून जळावं तर मी. अख्ख्या कॅम्प भागात या दोन कामांत आमचा हात धरणारा कोणी नाही. मी मूळचा निपाणीचा, जैन. पर्युषणात मी उपवास धरले की आधी गल्लीला कळतं, मग माझ्या पोटाला. पारण्याला बँड, चौकात फोटोचा फ्लेक्स. आणि हे निवृत्त ड्रिल मास्तर! ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्यांचा उपवासकाळ, पण गडी नेमका त्याच दिवसांत डोक्याला चोपून तेल लावतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालतो, वर अत्तर, आणि लग्नाला निघाल्यासारखा हसत हिंडतो. उपाशी माणसानं जरा तरी सुकावं की नाही? "देवाला कळलं म्हंजे झालं, अण्णा. थोबाड पाडून गल्लीला कशाला सांगायचं?" असं वर मलाच विचारतात. आमची ही तेवढंच धरून बसते. "बघा जरा! तुमच्या उपासाला निम्मी गल्ली राबती." अंगाचा नुसता तिळपापड होतो.

त्यात कॅरम. रोज संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात आमचा डाव, आणि बारा वर्षं मी हरत आलेलो. जिंकले की मास्तर मांडीवर थाप मारून असे ओरडतात की शेजारच्या हिंडलगा गावापर्यंत ऐकू जावं. मला एकदा, फक्त एकदा, या माणसाला कशात तरी मागं टाकायचं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये लावलेली कपाळावरची राख तशीच ठेवून ते खेळायला बसले आणि मी चक्क जिंकलो. दुसऱ्या दिवशीही. महिनाभर जिंकतच राहिलो! छाती फुगली, चाल बदलली. शेवटी पेढेच घेऊन गेलो. मास्तरांच्या बायकोनं पेढा घेतला आणि सहज म्हणाली, "तुम्हीबी खाऊन घ्या अण्णा, ईस्टरनंतर हाईच की परत हरायचं. मटण तर हे दरवर्षी सोडत्यात. औंदा जिंकायचं सोडलंय."

हातातला पेढा मी परत खोक्यात टाकला. "मास्तर, ही फसवणूक हाय!" मी ओरडलो. ते खाली मान घालून सोंगट्या लावत पुटपुटले, "हिनं वळखलं तवाच बोलू नको म्हटलं हुतं. लई आवडतंय तेच सोडायचं असतंय, अण्णा. दोडका सोडून काय उपेग? आणि सोडलेलं, ज्याच्याकडं न्हाय त्याला द्यायचं." म्हणजे माझा विजयसुद्धा दानात मिळालेला! आठ दिवस मी तिकडं फिरकलो नाही.

यंदा मास्तरांचा हात थरथरतो. स्ट्रायकर भलतीकडंच जातो, आणि मला आता खरोखरच जिंकता येतं. पहिल्या संध्याकाळी जिंकलो, तर ते नुसते आपल्या बोटांकडं बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून माझी राणी काठावरच अडकायला लागली. मास्तर मांडीवर थाप मारून ओरडतात, "अण्णा, लक्ष कुठं हाय तुमचं!" त्यांना काही कळलेलं नाही. हिलाही सांगितलं नाही. महिनाभर कसाबसा दम धरला आणि आज तुम्हाला सांगून बसलो. मास्तरांनी हे मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं. म्हणून तर त्यांचा हेवा वाटतो हो, अजून वाटतो.