भंगाराचा टेम्पो गेटवर उभा असताना

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चारकोपच्या आमच्या सोसायटीत प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रविवारी सकाळी जो भीषण आवाज झाला, तो कुणाचाही गॅस सिलिंडर फुटल्याचा नव्हता, फटाक्याचा नव्हता, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या बहिणीला फोनवर सांगितलं तसा 'दोन टोळ्यांचा' तर अजिबात नव्हता. त्या आवाजाची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. म्हणजे माझी, आणि थोडी माझ्या सासूबाईंची.

आता पहिल्यापासून सांगते.

मी बँकेत काउंटरवर बसते. पन्नाशी ओलांडली आहे, उजव्या गुडघ्याला कॅप लावून जिना चढते. अशा बाईने डर्ट बाइक विकत घ्यावी, ती बंद पडलेली घ्यावी आणि स्वतः दुरुस्त करायला घ्यावी, याला कारण काय, असं मला सगळ्यांनी विचारलं. प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगितलं. खरं कारण इतकंच की ती मला आवडली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची गाडी. उंच, सडपातळ, मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरला चिखलात रुतायला बनवलेले जाड दात. त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि गाडी आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला टेकून राहिली. पावसाळे गेले, कबुतरांनी तिच्यावर वसाहत केली. मी रोज कचरा टाकायला जाताना तिच्याकडे बघायचे. शेवटी एक दिवस त्याला फोन केला आणि त्याने आनंदाने ती माझ्या नावावर करून दिली. इतक्या आनंदाने, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी पहिली प्रतिक्रिया सासूबाईंची. त्या मालवणकडच्या. मुंबईत अख्खी हयात गेली, पण बोलणं अजून गावचंच.

"गो, ह्या काय हाडलंस?"

"मोटरसायकल, आई."

"ही? हिचो सांगाडो दिसता नुसतो."

नवऱ्याची प्रतिक्रिया जरा उशिरा आली, कारण तो आधी इन्शुरन्सचे कागद शोधायला गेला. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, दार लोटलं की 'अरे'. त्या रात्री दार लोटल्यावर मी म्हटलं, "अरे, फक्त गाडी आहे रे. वाघ नाही पाळला."

"वाघ परवडला असता," तो म्हणाला. "वाघाला किक मारावी लागत नाही."

मी गाडी आधी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याकडे ढकलत नेली. तो तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "मॅडम, हार घाला आणि निरोप द्या." त्याचं काही चुकलं नसेलही, पण तो हसला. त्या हसण्यावर मी निर्णय घेतला. गाडी ढकलत परत आणली, मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि पाना हातात घेतला. पाना उलटा धरला होता, हे व्हिडिओतला माणूस सांगू शकत नव्हता.

पहिला घोटाळा टाकीचा. टाकी आतून गंजून लालभडक झाली होती. व्हिडिओत म्हणाले, काहीतरी आंबट ओता, गंज सुटतो. आंबट! कोकणातल्या घरात आंबटाला काय तोटा? आमच्याकडे तांब्याची भांडी कोकमाने घासतात आणि ती अशी लखलखतात की त्यात तोंड बघून टिकली लावावी. मी सासूबाईंच्या कपाटातून गावाहून आलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, काढला आणि भरपूर पाणी घालून टाकीत ओतला. संध्याकाळी टाकी आतून चांदीसारखी. मी बाल्कनीत उभी राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. सकाळी बघते तर टाकी पुन्हा लाल, आणि आधीपेक्षा जास्त!

आगळात मीठ असतं. भरपूर असतं, म्हणून तर ते वर्षभर टिकतं. हे सोलकढी करणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असतं. मलाही होतं. फक्त सोलकढी टाकीत करायची वेळ कधी आली नव्हती.

"माझा आगळ खंय गेला?" सासूबाईंनी जेवताना विचारलं.

नवरा ताटात बघत राहिला. मी सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माशांच्या कढीक नाय, जेवणाऱ्याक नाय, आणि त्या सांगाड्याक आगळ?" पुढचे कितीतरी दिवस घरात सोलकढी झाली नाही. टाकी मग व्हिनेगरने धुतली, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि माझ्या केस वाळवायच्या ड्रायरने कोरडी केली. ड्रायर गेला तो गेलाच.

दुसरा घोटाळा उंदराचा. सीटखालचा एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत घरटं. फिल्टरचा स्पंज कुरतडून, सोसायटीच्या नोटिशीचे तुकडे अंथरून, अगदी दिवाळीची खरेदी केल्यासारखा थाट. उंदीर जागेवर नव्हता, पण राहायला येत असणार. मी किंचाळले. सासूबाई खाली आल्या, वाकून बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या गाडीविषयी मनापासून बोलल्या.

"गो, उंदरांका भोका कित्याक ठेवलंस? गावाक भोक दिसला की बुजवतत. नायतर घरच त्यांचा होता."

त्या दिवसापासून त्यांनी माझी बाजू घेतली, असं मला वाटलं. कार्बोरेटर मी स्वयंपाकघरात परातीत खोलला, तरी फक्त "भाकरीची परात आसा ती" एवढंच म्हणाल्या. त्यातली बारीक भोकं दात घासायच्या ब्रशचे केस उपटून साफ केली. नवीन स्पार्क प्लग लावला, नवा फिल्टर, चेनला तेल, क्लचची वायर बदलली. नवरा टॉर्च धरून उभा राहायचा आणि दर थोड्या वेळाने म्हणायचा, "हे परत बसेल ना?" बसायचं. बहुतेक.

आणि मग आली नोटीस.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदन झालं की लगेच सत्यनारायण असतो. मंडप मागच्या मोकळ्या जागेत पडतो, माझी गाडी होती तिथेच. आमचे सेक्रेटरी काका निवृत्त झाल्यापासून गळ्यात शिट्टी घालून फिरतात. भले गृहस्थ, पण शिट्टी घातल्यापासून जरा बदललेत. त्यांनी लिहिलं की धूळ खात पडलेली सर्व वाहने पूजेआधीच्या रविवारी भंगारात जातील.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, माझी गाडी धूळ खात नाहीये. दुरुस्त होतेय."

"वहिनी, ती गेले तीन पावसाळे दुरुस्त होतेय."

"मी घेतल्याला तेवढे झाले नाहीत हो!"

"हे बघा," काका म्हणाले, "रविवारी सकाळी ती स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली, तर राहू दे. नाहीतर टेम्पो आहेच. कमिटीत सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे मागाहून वाद नको."

सगळ्यांसमोर! त्यांना वाटलं ही धमकी आहे. मला ते तिकीट लावलेलं नाटक वाटलं. मी बायकांच्या ग्रुपवर स्वतःच जाहीर करून टाकलं, की रविवारी सकाळी चहा घेऊन खाली या. हा माझा स्वभाव. आधी घोषणा, मग घाम.

शनिवारी दुपारी गाडी सुरू झाली. खरंच झाली! मी किक मारली, तिने खोकल्यासारखं केलं, आणि धडधड करून चालू. मागच्या भिंतीवरून कबुतरं उडाली. नवऱ्याने टॉर्च खाली टाकला. मी ताबडतोब बंद केली, उगाच तिचा मूड जाऊ नये म्हणून. वर जाऊन सासूबाईंना मिठी मारली. "आई, चालू झाली!"

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "आता उंदरांपासून सांभाळ म्हणजे झाला."

मला तेव्हा वाटलं, आशीर्वाद आहे. तो इशारा होता.

रविवारी सकाळी सगळी इमारत खाली. खुर्च्या आल्या, चहाचे कप आले. सासूबाईंना पुढची खुर्ची, शाल पांघरून. गेटवर भंगारवाल्याचा टेम्पो मागचा फाळका उघडून उभा, त्यात आधीच दोन गंजक्या सायकली आणि कुणाचा तरी जुना कूलर. काका शिट्टी हातात घेऊन. मी साडी नाही, सलवार आणि नवऱ्याचे जुने बूट. गेटपाशी ढकलत आणून ठेवलेल्या गाडीवरची चादर काढताना मी जरा जास्तच हात फिरवला, मान्य आहे.

किक मारली. काही नाही.

पुन्हा मारली. खोकली आणि गप्प.

आता होईल, मग होईल, असं म्हणत मी मारत राहिले. प्लग काढून बघितला, ठिणगी येत होती. पेट्रोल येत होतं. काल चाललेली गाडी आज कशाला रुसली, कळेना. गुडघा बोलायला लागला. बघणाऱ्यांमधून सल्ले सुरू झाले.

"चोक ओढला का?"

"वहिनी, धक्का मारू का?"

"अगं, नारळ फोडला होतास का आधी?"

नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पुरे. तुझा गुडघा जाईल."

"गुडघा गेला तर नवा बसवतात," मी म्हटलं. "गाडी गेली तर टेम्पोत जाईल."

मी हे हसत म्हटलं खरं. त्या क्षणी मला समजलं, की ती गाडी मला खरोखर हवी होती. गंमत म्हणून नाही, कुणाला दाखवायला म्हणून नाही. ती भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाणं मला बघवणार नव्हतं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. तेही खुश नव्हते, हे मला दिसलं. भंगारवाला टेम्पोतून उतरून गाडीच्या दिशेने दोन पावलं आला.

मी म्हटलं, "थांब रे. एकच. शेवटची."

डोळे मिटले, सगळं अंग त्या एका पायावर टाकलं, आणि

*धडाम!*

पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या थरथरल्या. कुत्री भुंकायला लागली. सायलेन्सरमधून काहीतरी तपकिरी, मुठीएवढं, तोफगोळ्यासारखं सुटलं, काकांच्या टोपीवरून गेलं आणि थेट टेम्पोत कूलरवर जाऊन आदळलं. भंगारवाला खाली बसला. आणि माझी गाडी, माझी लाडकी, माझी आगळ प्यायलेली गाडी, धडधडत चालू होती! इतकी मोकळी, इतकी खणखणीत, की जणू तिच्या घशातलं हाडूक निघालं होतं.

मी कुणाला काही विचारलं नाही. गिअर टाकला, गाडी गेटकडे वळवली आणि निघाले. गेट पार केलं, कोपऱ्यावरच्या भाजीवालीने "अगं बाई!" म्हणून टोपली मागे घेतली, वळले, परत आले. आयुष्यात इतकं हलकं मला फक्त एकदाच वाटलं होतं, मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा. गाडी बंद करून स्टँडवर लावली आणि तिथेच तिच्या सीटवर डोकं टेकून हसत बसले. नवरा टाळ्या वाजवत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे दोन्ही नीट होत नव्हतं.

काकांनी टोपी चाचपली. "वहिनी, गाडी राहिली. अभिनंदन. पण तुमचा एक पार्ट उडाला हो! मी डोळ्यांनी बघितला."

मी सायलेन्सरपाशी वाकले. सगळे पार्ट जागच्या जागी. नवरा म्हणाला, "मग ते काय होतं?"

"पार्ट नाय तो," मागून शांत आवाज आला. सासूबाई खुर्चीतच होत्या, शाल नीट करत. "काल सांजच्याला मियां खाली इलंय. एवढा मोठा भोक उघडा! उंदीर रातभर आत झोपलो असतो. म्हणून बुजवलंय. लाटण्यान घट्ट ठोकून."

"कशाने बुजवलं, आई?"

त्यांनी टेम्पोकडे बोट केलं; कूलरवर तपकिरी, केसाळ काहीतरी पडलं होतं. त्यांची नजर गेटकडे गेली होती. आमच्या बाल्कनीत एक गोणी असते. त्यात गावाहून आणलेली सोडणं असतात, नारळाची वरची केसाळ सालं. सासूबाई रोजची भांडी त्यानेच घासतात. मुंबईच्या घासणीला त्या घासणी मानत नाहीत, आणि ती गोणी घरात कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्या गाडीसाठी त्यांनी त्यातलं एक काढलं होतं, हे मला त्या क्षणी उमगलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आगळाचा राग गेला होता म्हणायचा.

मी त्यांना काहीतरी सुंदर बोलणार होते. शब्दही जुळवले होते. पण तेवढ्यात भंगारवाल्याने फाळका लावला, टेम्पो सुरू केला, गेटबाहेर वळवला, आणि सासूबाई शाल टाकून खुर्चीतून ताडकन उठल्या:

"अरे मेल्यांनो, त्याका थांबवा! माझा सोडण घेवन चल्लो तो!"